खोलीच्या उंबरठ्यावर

रशियन दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की यांचा १९७९ सालचा ‘स्टॉकर’ हा विज्ञानपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी सतत खुलासा शोधत राहिलो, आणि नेमके तिथेच चुकलो. निषिद्ध प्रदेशातील एक खोली माणसाची मनातली इच्छा पूर्ण करते, अशी वदंता आहे. एक वाटाड्या एका लेखकाला आणि एका प्राध्यापकाला तिथे घेऊन निघतो. कथानक एवढेच आहे. ना यान दिसते, ना परग्रहवासी.

तिघे रुळांवरच्या उघड्या गाडीतून जातात, तो प्रसंग मी पुन्हा पाहिला. कॅमेरा बराच वेळ त्यांच्या चेहऱ्यांवर आणि मानांवर खिळून राहतो, चाकांचा खडखडाट हळूहळू अनोळखी नादात विरघळतो आणि मग तपकिरी पडद्यावर एकाएकी हिरवळ उमटते. पुढे वाटाड्या कापडाची पट्टी बांधलेले लोखंडी नट (बोल्टला लावतात ते) फेकत, जपून वाट काढतो. धोका मात्र डोळ्यांना कुठेच दिसत नाही.

माझ्या मते चित्रपटाची किल्ली ‘साळिंदर’ या टोपणनावाच्या माणसाच्या हकिकतीत आहे. मेलेला भाऊ परत मागायला तो त्या खोलीत गेला, पण त्याला मिळाला पैसा, आणि त्याने गळफास घेतला. खोली ओठांवरचे मागणे ऐकत नाही, तर अंतर्मनात दडलेले मागणे पुरे करते. म्हणूनच एवढी पायपीट करून आलेले ते तिघे उंबरठ्यावरच बसून राहतात, समोर खोलीत पाऊस येतो आणि थांबतो, तरी आत कोणीही पाऊल टाकत नाही.