‘आपदा मित्र’चं प्रशिक्षण: दोरी, बोट आणि म्हशी

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात. 2005, 2019, 2021 च्या पुराच्या खुणा अजून भिंतींवर आहेत. गावच्या ग्रुपवर ‘आपदा मित्र’ प्रशिक्षणाची सूचना आली तेव्हा बचत गटातल्या आम्ही काही जणींनी नावं दिली. सासूबाई म्हणाल्या, “पोरं म्या बघतो, पर तुला पवता तरी कुठं येतंय?” मला खरंच पोहता येत नव्हतं.

गावातल्याच लोकांना पुरासारख्या संकटात मदतीला तयार करायची ही योजना राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची. 2016 मध्ये 30 पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली, नंतर 350 जिल्हे आणि एक लाख स्वयंसेवक असं उद्दिष्ट ठरलं. वय 18 ते 40, जिल्ह्यातला रहिवासी आणि तब्येत धडधाकट हवी. आधार, फोटो, पासबुक घरात होतंच. हेलपाटे झाले ते डॉक्टरांच्या फिटनेस दाखल्यासाठी. प्रशिक्षण 12 दिवसांचं, निवासी. ऐन भांगलणीत बाईनं बारा दिवस बाहेर राहायचं, हे घरच्यांना पटवताना फॉर्मपेक्षा जास्त दमछाक झाली.

पहिले दिवस वर्गातच गेले. आपत्ती कायदा, कोणत्या खात्याचं काय काम, 1077 म्हणजे जिल्हा नियंत्रण कक्ष, 108 रुग्णवाहिका. जांभया आल्या, खोटं कशाला बोलू. मजा सुरू झाली ती पाण्याजवळ गेल्यावर.

आमच्या तुकडीत नदीत डुंबत वाढलेली पोरं बरीच. त्यांना वाटत होतं, वाचवायचं म्हणजे उडी मारायची. शिकवणाऱ्या साहेबांनी त्यातल्याच एकाला तलावात ‘बुडायला’ लावलं आणि दुसऱ्याला त्याला बाहेर काढायला सांगितलं. बुडणाऱ्यानं सांगितल्याप्रमाणे मानेलाच मिठी मारली आणि दोघंही खाली गेले. लाईफ जॅकेट घातलेले जवान शेजारीच होते म्हणून बरं. मग क्रम शिकवला: आधी काठावरून काठी, बांबू, साडी पुढे करायची, नाही पोचलं तर दोरी किंवा तरंगणारं काही फेकायचं, मग बोट, पाण्यात उतरायचं ते सगळ्यात शेवटी, तेही शिकलेल्यानंच. मला पोहता न येण्याची लाज तिथंच गेली. दोरी माणसाच्या अंगावरून पलीकडे, प्रवाह बघून टाकायची आणि आपल्या हाताला कधीच गुंडाळायची नाही, हे मला पोरांपेक्षा चांगलं जमायला लागलं. घट्ट झाकणाचे रिकामे कॅन, बाटल्यांचा जुडगा, केळीचे खांब यांचे तराफे आम्ही बायकांनीच बांधले.

बोटीच्या दिवशी सगळे गप्प होते. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला जादा माणसं घेतलेली बोट उलटली, ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. बोटीत किती माणसं घ्यायची ते बोटवालाच ठरवणार, काठावरच्या रडारडीनं आकडा वाढवायचा नाही. पाण्याखालचा ऊस, कुंपणाच्या तारा, वाकलेले खांब पंख्यात अडकतात. माणूस जवळ आला की इंजिन बंद.

बुडालेल्याला उलटं धरून पोटातलं पाणी काढायची आपल्याकडं जुनी पद्धत आहे. ते करायचं नाही, वेळ जातो. श्वास नसेल तर आधी तोंडावाटे श्वास द्यायचे, मग छातीवर दाब: 30 दाब, 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 या गतीनं, पाच-सहा सेंटिमीटर खोल. पुतळ्यावर दोन मिनिटांतच दंड भरून आले. पुरात साप घरात शिरतात, म्हणून तेही शिकवलं: चावल्या जागी कापायचं नाही, दोरी आवळायची नाही, पाय न हलवता दवाखाना गाठायचा.

शेवटी ओळखपत्र आणि किट मिळालं: हेल्मेट, लाईफ जॅकेट, गमबूट, टॉर्च, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी.

माझी तक्रार एकच. जनावरांवर जेमतेम एक तास. आमच्याकडं पाणी चिपळूण-महाडसारखं एका रात्रीत घरात घुसत नाही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडतात, कोयनेतून विसर्ग वाढतो, कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी, मग 43 ची धोका पातळी; बहुतेक वेळा हातात दिवस असतो, कधी दोन. तरी लोक निघत नाहीत, कारण गोठ्यात म्हशी असतात. म्हैस सोडून बोटीत बस म्हटलं तर कोण बसेल? मग मध्यरात्री बोट मागवायची पाळी येते आणि शिकलेलं सगळं तिथं पणाला लागतं.

म्हणून परत आल्यावर आम्ही आधी वही केली. गल्लीवार नावं: अंथरुणाला खिळलेले कोण, दिवस भरलेली कोण, डायलिसिसला कोण जातं, कुणाकडं किती जनावरं, ट्रॅक्टर-ट्रॉली कुणाची. पुढच्या पावसाळ्यात 39 फूट व्हायच्या आधीच ट्रॉल्या माळावर जनावरं घेऊन निघाल्या, आणि जनावरांमागून माणसं आपोआप गेली. सासूबाई पहिल्याच ट्रॉलीत, म्हशीची कासरी धरून.

चाऱ्याचं मात्र अजून सुटलेलं नाही. छावणीत वैरण पोचेपर्यंत पहिले दोन दिवस कुणी भागवायचे, यावर ग्रामसभेत दोनदा भांडण झालंय. साखर कारखान्याकडून ऊसाचं वाडं आगाऊ मिळवावं तर पावसाळ्यात गळीत बंद. सध्या मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, पिशव्या माळावर आधीच ठेवायचं चाललंय, त्याची वर्गणी मी गोळा करतेय.