तुम्ही विचारलंत म्हणून: ऐंशीव्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन लगेच कशाला?

"वडील 80 वर्षांचे आहेत. खड्यांमुळे पित्ताशयाला सूज आलीय. आत्ता अँटिबायोटिक्सवर सूज उतरवून दीड-दोन महिन्यांनी ऑपरेशन केलं, तर ते जास्त सुरक्षित नाही का?" नातेवाईक हे काळजीपोटी विचारतात. उत्तर मात्र बहुतेक वेळा 'नाही' असंच असतं.

सूज ताजी असते तेव्हा पित्ताशयाभोवती पाणी साचून थर सुटे झालेले असतात. पहिल्या 72 तासांत ते यकृतापासून सोडवणं त्यातल्या त्यात सोपं. पुढे तिथे घट्ट तंतू तयार होतात, सगळं एकमेकांना चिकटतं. पित्ताशयाची नळी कुठली आणि मुख्य पित्तनलिका कुठली, हे ओळखणं कठीण होतं आणि चुकून मुख्य नलिकेला इजा होण्याची भीती वाढते. म्हणून दाखल झाल्यापासून 7 दिवसांच्या आत, त्रास सुरू झाल्यापासून फार तर 10 दिवसांत ऑपरेशन व्हावं.

"आता बरे दिसतायत" यावर विसंबू नका. उतारवयात ताप, पोटदुखी, वाढलेल्या पांढऱ्या पेशी ही लक्षणं पुसट असतात. आत पित्ताशय सडत असलं तरी माणूस शांत पडून असतो. शिवाय थांबलेल्या काळात खडा सरकून पित्ताची वाट अडली तर कावीळ होऊ शकते, स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते.

वयापेक्षा ताकद बघायची. माणूस स्वतः अंघोळ करतो का, जिना चढतो का, हृदय आणि मूत्रपिंड कसं आहे? रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांपैकी ॲस्पिरिन सहसा चालू ठेवता येते. क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, कारण ऑपरेशनची वेळ त्यावरही ठरते.

फार अशक्त रुग्णात ऑपरेशनऐवजी बाहेरून पित्ताशयात नळी टाकून पित्त काढतात. नळी म्हणजे नेहमी सौम्य उपाय, असं मात्र नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत जास्त जोखमीच्या रुग्णांमध्ये मोठी गुंतागुंत दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर 12 टक्क्यांना झाली, नळीनंतर 65 टक्क्यांना. अगदी अत्यवस्थ रुग्ण त्या चाचणीत नव्हते. त्यांच्यासाठी नळीच योग्य ठरू शकते.

आत रचना स्पष्ट दिसली नाही, तर पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवणं किंवा पोट उघडणं हा शहाणपणाचा निर्णय असतो, अपयश नव्हे. ऑपरेशननंतर चष्मा आणि कानाचं यंत्र लगेच परत द्या, नाहीतर गोंधळलेपण वाढतं. आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, की त्याच संध्याकाळी आधार देऊन खाटेवरून उठवा.