सहा तुकड्यांचा फ्लाय रॉड

"एवढे सांधे? मोडेल ना तिथेच!"

मासे पकडायच्या या लवचिक काठीच्या, म्हणजे रॉडच्या, गाइड्सना (मासेमारीची दोरी ज्यांतून जाते त्या कड्यांना) दोरा गुंडाळत बसलो होतो, तेव्हा मित्र बोलून गेला. दिवसभर ते डोक्यात राहिलं.

खरं म्हणजे सांध्यावर एक नळी दुसरीत बसते, जाडी दुप्पट होते. तिथे रॉड उलट ताठ होतो. मोडतो तो सांधा सैल राहिला तर. म्हणून बाहेरच्या नळीच्या तोंडाशी दोऱ्याचे घट्ट वेढे द्यायचे, नाहीतर ती चिरते. गाइड्सच्या जागाही सांधे टाळून ठरवाव्या लागतात. हे सगळं त्याला सांगायला हवं होतं, पण दोऱ्यावर इपॉक्सी (सुकल्यावर कडक होणारा लेप) लावलेली होती आणि रॉड फिरवत ठेवला नाही की ओघळ येतात!

9 फुटी रॉडचे चार भाग केले तर प्रत्येक सव्वादोन फुटांहून लांब. सॅकबाहेर डोकावणार, झुडपांत अडकणार. सहा केले की दीड फुटाच्या आसपास. थोडा ताठपणा, थोडं वजन वाढतं, ते मला चालतं.

तुकडे म्हटलं की आपल्याला लगेच कमजोरीच का आठवते, कोण जाणे.

टोकाचा तुकडा मात्र खरंच नाजूक. एक जादा बनवून सोबत ठेवावा का? तुम्ही काय करता?