काउंट बरोबर

पोटाच्या ऑपरेशनला जो मॉप वापरतात त्याला शेपटी असते. पदरावर पदर घालून शिवलेला कापडी चौकोन आणि कोपऱ्याला एक नाडी. मॉप आत गेला की नाडी बाहेर काढून तिला आर्टरी, म्हणजे पकडून ठेवणारा चिमटा, लावायची, हे आम्हा नर्सना पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. कारण रक्तानं भिजलेला मॉप आतड्यांच्या गर्दीत ओळखू येत नाही. हाताला लागला तरी कळत नाही.

2003 सालची गोष्ट. रात्रीची इमर्जन्सी, चाळिशीची बाई, आतड्याला पीळ. सरांनी पीळ सोडवला, काळा पडलेला तुकडा काढला, टोकं जोडली आणि ग्लोव्हज उतरवत रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, म्हणाले, "तू क्लोज करून घे." बाहेरच्या एका नर्सिंग होममध्ये त्यांची केस खोळंबली होती, हे ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, मावशींनाही ठाऊक होतं. राहिला सेकंड इयरचा पोरगा, दोन रात्री न झोपलेला. सर गेल्यावर एका कडेनं रक्त यायला लागलं, म्हणून आम्ही पाच मॉपचा आणखी एक गठ्ठा उघडला.

रक्त थांबलं. शिवण्याआधी मोजले. उघडलेले मॉप फळ्यावर लिहितात. फळ्यावर पंधरा, हातात चौदा.

"सिस्टर, बकेटमध्ये असेल बघा ना."

बकेट उलटी केली, टेबलाखाली पाहिलं, मावशींनी रक्त पुसलेल्या फडक्यांचा ढीग उपसला. भूलवाल्या मॅडम म्हणाल्या, बीपी पडतंय, आटपा. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा दोरा असतो, पण पोर्टेबल मशीनच्या खोलीला कुलूप, आणि किल्ली मागायला सरांची सही हवी. पोरानं फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "मी स्वतः पोट बघूनच निघालोय, आत काही नाही. बंद कर."

त्यांनी पोट बघितलं तेव्हा फळ्यावर दहाच होते. हे मला त्या क्षणी कळत होतं. तरीही मी धागा भरून दिला आणि फॉर्मवर सही केली: काउंट बरोबर.

तीन महिन्यांनी बाई पोटात गोळा घेऊन आली. दुसऱ्या युनिटनं उघडलं, तर मॉप आतड्याला चिकटून बसलेला. वाचली बिचारी.

चौकशी लागली तेव्हा एका वकिलांनी मला एका निकालाची झेरॉक्स दिली. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयातली बाळंतीण. 10 जुलै 1963 ला बाळंत झाली, 13 ला नसबंदी, 19 ला पोट पुन्हा उघडलं तर आत मॉप, 24 ला गेली. खालच्या कोर्टानं 36,000 रुपये मंजूर केले, हायकोर्टानं ते फिरवलं, सुप्रीम कोर्टानं पुन्हा दिले ते 1996 मध्ये. तेहतीस वर्षं! मॉप आत राहिला हाच निष्काळजीपणा, आणि नेमकी चूक कुणाची हे ठरलं नाही तरी सरकारनं भरपाई द्यायची, असं कोर्ट म्हणालं. नवऱ्याच्या बाजूनं ते योग्यच. पण मी कागदात शोधत होते ते त्या टेबलापाशी शेवटी कोण उभं होतं, ते.

आमच्या समितीनंही ते विचारलं नाही. "सही तुमचीच ना?" एवढंच. माझी एक इन्क्रिमेंट थांबली, पोराला मेमो मिळाला. पुढे 2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची 19 मुद्द्यांची चेकलिस्ट आली. पेशंट ओटीतून हलण्याआधी नर्स, भूलतज्ज्ञ आणि सर्जन, तिघांसमोर काउंट मोठ्यानं सांगायचा. छान आहे. आमच्याकडे ती भिंतीवर लॅमिनेट करून लावली आणि "सर्जन" म्हणून रेसिडेंटच उभा राहत राहिला.

ओटी रजिस्टरमध्ये ऑपरेशन सुरू झाल्याची वेळ असते, संपल्याची असते. सर्जन बाहेर कधी पडले याला रकाना नाही. चौकशीनंतर मी शेऱ्याच्या जागी पेन्सिलीनं लिहायला लागले: "सर बाहेर, 1.40." पंधराएक दिवस चाललं. मग मेट्रननी, आमच्या मुख्य नर्सनी, केबिनमध्ये बोलावलं, रजिस्टर माझ्यापुढे उघडलं आणि काही न बोलता खोडरबर सरकवलं.