कॉर्ड बांधणं सोपं, तिचं काम ओळखणं वेगळं

कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर. ती बांधायची रीत पटकन समजते. स्केलमधला, म्हणजे ओळीने मांडलेल्या सात स्वरांतला, एक स्वर घ्या, मधला सोडा, पुढचा घ्या, पुन्हा तसंच. सी मेजर स्केलच्या सातही स्वरांवर (सी, डी, ई, एफ, जी, ए, बी) हे केलं की सी, एफ, जी या मेजर. डी, ई, ए या मायनर. आणि बी डिमिनिश्ड. स्वरांमधल्या अंतरांवरून ठरणारे हे कॉर्डचे प्रकार. हे मला तोंडपाठ होतं. तरी एखाद्या चालीला साथ करायला बसले की सातांतली नेमकी कोणती, आणि तीच का, हे सांगता यायचं नाही.

वाट सापडली ती जी सेव्हन या कॉर्डमध्ये. तिच्यात जी, बी, डी, एफ असे चार स्वर. त्यातले फक्त बी आणि एफ मी एकत्र दाबून धरले. सहा सेमीटोनांचं (अर्ध्या स्वरांचं) हे अंतर, ट्रायटोन, कानाला स्वस्थ बसू देत नाही. मग बी शेजारच्या सीवर चढवला, एफ शेजारच्या ईवर उतरवला. ताण लगेच सुटला, आणि बोटांखाली सी मेजरचेच दोन स्वर! बराच वेळ मी तेवढंच वाजवत राहिले. डॉमिनंट (स्केलची पाचवी कॉर्ड, इथे जी) टॉनिककडे (पहिल्या, घरच्या कॉर्डकडे, इथे सी) ओढते हे वाक्य अनेकदा वाचलं होतं. ती ओढ कुठून येते ते इथे ऐकू आलं.

ए मायनर स्केलचा उलगडाही त्यातूनच झाला. तिथली पाचवी कॉर्ड ई मायनर, तिला ही ओढ नाही. तिचा जी शार्प केला, म्हणजे अर्धा स्वर चढवला, की ई मेजर होते आणि जी शार्प लगेच ‘ए’ स्वराकडे धावतो. सातवा स्वर असा चढवलेली हार्मोनिक मायनर स्केल कशासाठी, ते तेव्हा पटलं.

जर्मन संगीतशास्त्रज्ञ ह्युगो रीमान यांनी १८९३ साली कॉर्डची टॉनिक, सबडॉमिनंट (चौथ्या कॉर्डचं काम, सी मेजरमध्ये एफ) आणि डॉमिनंट अशी तीन कामं मांडली. मला ही मांडणी फार आवडते, कारण ती नावापलीकडे बघायला लावते. डी मायनर आणि एफ यांच्यात दोन स्वर सामाईक, म्हणून डी मायनर एफचं काम करू शकते. बी डिमिनिश्ड म्हणजे तळाचा स्वर काढलेली जी सेव्हनच. आणि सी मेजर? जी मेजर स्केलमध्ये ती सबडॉमिनंट, एफ मेजरमध्ये डॉमिनंट.

ई मायनर मात्र दोन्हीकडची. सीशी तिचे दोन स्वर जुळतात, जीशीही दोन. तिचं काम मी आधी ठरवत नाही, मागची आणि पुढची कॉर्ड बघते.