नाईट ड्युटी, राणी आणि पाच किलो हरभरा

नांदेडला घोडा कुणाला नवा नाही. होला मोहल्ल्याला आणि दसऱ्याला निहंग शिखांचे घोडे धावताना लहानपणापासून बघितलेत, आणि लग्नसराईत तर दर दुसऱ्या गल्लीत डीजेमागं एक घोडी उभी असतेच. पण स्वतः घोड्यावर बसायचं, तेही अडतिसाव्या वर्षी, हे घरी पटवायलाच मला सहा महिने लागले. सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "पडलीस तर तुझ्या जागी ड्युटी कोण करणार?"

मी दवाखान्यात स्टाफ नर्स. एक आठवडा मॉर्निंग, एक इव्हिनिंग, मग नाईट, आणि मधेच कुणी आजारी पडलं की डबल. ज्यांच्याकडे शिकते त्यांना सगळेच चाचा म्हणतात. आसना नदीच्या अंगाला त्यांचा पत्र्याचा तबेला आहे. वराती हा मुख्य धंदा, शिकवणं फक्त सकाळचं. महिन्याची फी एकदम भरणारी पाच-सहा शाळकरी पोरं होती. मला त्यांनी विचारलं, "रोज येणार ना सिस्टर?" मी म्हणाले, "जमेल तसं." मग एका खेपेचे चारशे ठरले. "जमेल तसं" हे किती महागाचं बोलणं आहे, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्याच महिन्यात एकदा पहाटे पावणेसहाला मी मेसेज टाकला, "सॉरी चाचा, आज डबल लागली." पुढं हात जोडल्याचं चित्र. उत्तर आलं नाही. चार दिवसांनी गेले तर चाचा राणीचा, म्हणजे मी शिकते त्या घोडीचा, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळत होते. पहिल्यांदा आवळताना ती पोट फुगवून धरते, म्हणून जरा फिरवून आणून परत एक भोक वर घ्यावा लागतो. ते करता करता, आवाज न चढवता, त्यांनी सांगितलं.

घोड्याचं पोट अंगाच्या मानानं लहान. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, खाऊन लगेच पळवलं की पोट दुखायला लागतं, आणि घोड्याला उलटी होत नाही. माणसासारखं ओकून मोकळं होता येत नाही, त्यामुळं पोटदुखीवर घोडं जिवानिशी जातं. म्हणून ज्या दिवशी शिकवणी असते त्या दिवशी ते चंदी मागं ठेवतात. साडेचारला उठून खरारा फिरवून अंग घासणं, खुर साफ करणं, खोगीर चढवणं. त्या दिवशी राणी सात वाजेपर्यंत खोगीर घालून तशीच उभी होती, आणि शेजारची घोडी तिच्यासमोर हरभरा चावत होती.

"तुम्ही डबल केली, पण मधे खाऊन केली ना सिस्टर? ती उपाशी होती."

ऑपरेशनसाठी रात्रीपासून उपाशी ठेवलेल्या पेशंटला दुपारी बारा वाजता "आज लिस्ट कॅन्सल झाली" सांगायचं काम आमच्याकडे नर्सचंच असतं. डॉक्टर कधीच निघून गेलेले असतात. ते चेहरे मला पाठ आहेत. त्यामुळं चाचांना जास्त काही समजावून सांगावं लागलं नाही.

मी त्या दिवसाचे चारशे पुढं केले. घेतले नाहीत. "बसल्याच नाही, तर पैसे कसले?" मी हट्ट धरला तर जास्तच आखडले. शेवटी मीच तोडगा काढला. आदल्या दिवशी रात्री आठच्या आत कळवलं तर काही देणं नाही, आठनंतर कळवलं तर राणीला पाच किलो हरभरा. याला ते हसून तयार झाले. आजवर तीन वेळा भरलाय, एकदा तर भर पावसात मोंढ्यातून स्कूटीवर आणला. माझ्या मते हा हिशोब पैशापेक्षा बरा, कारण हरभरा आणायला वेळ काढावा लागतो, आणि मी बुडवलेला असतो तोही वेळच.

दुसरी चूक माझ्या डोक्यातली होती. एकदा चोवीस दिवसांचा खंड पडला. मी गेल्या गेल्या म्हणाले, "मागच्या वेळी दुडकीत, दुडक्या चालीत, खोगिरावर उठबस जमली होती, आज तिथूनच घेऊ." चाचा काही बोलले नाहीत, नुसते बाजूला झाले. तिसऱ्या फेरीला मांड्या थरथरायला लागल्या, उजवा पाय रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, सुटला आणि तोल सावरायला मी लगामालाच लोंबकळले. राणीनं मान झटकली आणि जागच्या जागी उभी राहिली. मी पडले नाही, तिच्या मानेला मिठी मारून वाचले.

"तुमचं राहू द्या," चाचा म्हणाले, "तिच्या तोंडाला काय झालं ते बघा."

लगाम सोडून तिचे ओठ तपासले. जखम नव्हती, पण माझा तेवढा भार तिच्या तोंडातल्या लोखंडावर गेला होता. मी काय विसरले ते माझ्या अंगाला माहीत असतं, त्याचा मार मात्र तिला बसतो. तेव्हापासून गेल्याबरोबर आधी रिपोर्ट देते: किती दिवसांनी आले, रात्री झोप झाली का, कंबर कशी आहे. मग रिकीब सोडून नुसत्या चालीच्या दोन फेऱ्या. पुढं काय करायचं ते चाचा ठरवतात. एकदा नाईट करून थेट गेले होते, तर त्यांनी चढूच दिलं नाही. चहा पाजला, हातात खरारा दिला आणि म्हणाले, "आज एवढंच." पैसे मात्र त्या दिवशी घेतले! मला ते आवडलं.

तिसरा प्रसंग जरा नाजूक. ट्रेनिंगसाठी पंधरा दिवस छत्रपती संभाजीनगरला होते, तिथं दुसऱ्या एका सरांकडे चार वेळा बसले. ते लगाम दोन्ही हातांत धरायला लावायचे, चाचा एका हातात. परत आल्यावर सवयीनं दोन्ही हात पुढं गेले. "हे कुठनं आलं?" क्षणभर वाटलं, टाळावं. पण दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी लपवणाऱ्या पेशंटवर रोज ओरडणारी मी! सांगून टाकलं. चाचांनी नीट करून दाखवायला सांगितलं, दोन फेऱ्या बघितल्या आणि म्हणाले, "दुडकीत चालेल. पण राणीला सवय नाही, सावकाश." सुदैवानं तेव्हा शाळेची पोरं आलेली नव्हती. त्यांच्यासमोर "तिकडं असं शिकवतात" म्हटलं असतं तर चाचा काही बोलले नसते, पण गोष्ट बिनसली असती.

बाकी बारीकसारीक गोष्टी आपोआप कळत गेल्या. गूळ न विचारता द्यायचा नाही. पंधरा मिनिटं आधी जायचं आणि खरारा आपणच करायचा.

मार्गशीर्षात चाचा माळेगावला जातात. लोह्याकडच्या खंडोबाच्या यात्रेतला घोडेबाजार त्यांनी कधी चुकवलेला नाही. मागच्या वर्षी रात्री साडेनऊला त्यांचा व्हॉइस मेसेज आला, मागं ट्रकचा आवाज: "सिस्टर, उद्यापासून आठ दिवस नाही." मी उलट पाठवलं, "आठ वाजून गेले चाचा. हरभरा तुमच्याकडं लागला."

परतल्यावर त्यांनी खरंच पाच किलोची पिशवी माझ्यासमोर राणीच्या दावणीपाशी ठेवली. वर नवाकोरा खरारा होता. "हा तुमचा," म्हणाले, "पण घरी न्यायचा नाही, इथंच खुंटीला राहील."