आमची वाटचाल : अर्ध्या इंचाचा हिशोब

आमचं वर्कशॉप सुरू झालं ते दोन माणसांवर, बाबा आणि मी. बाबांच्या हातचे खण, म्हणजे ड्रॉवर, लाकडी पट्टीवर चालायचे, वर मेण चोळलेलं. कुठे अडलाच तर रंध्याचे दोन हात मारले की खण सुरळीत. मी टेलिस्कोपिक चॅनल, म्हणजे खणाच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या, एकातून एक सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्या आणल्या, तेव्हा आता काम सोपं झालं असं मला मनापासून वाटलं होतं.

पहिल्या मोठ्या स्वयंपाकघरात अकरा खण होते. अशा बाजूच्या चॅनलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिमी जागा लागते, हे पाठ होतं. गाळा, म्हणजे खण बसतो ती मोकळी जागा मोजली, थोडी सूट धरून 26 मिमी वजा केले आणि खण बांधले. मग त्यांना बाहेरून 0.8 मिमीचं लॅमिनेट लावलं. ते मोजणीत धरलंच नव्हतं. दोन बाजूंचे मिळून 1.6 मिमी! खण आत जायचा, पण ओढताना करकरायचा, आणि बाजूवर काळ्या ग्रीसचा ओरखडा उठायचा. एका चॅनलची तर आतली बेअरिंगच्या गोळ्यांची पट्टीच निसटली. बाबा गुडघ्यावर बसून फरशीवरच्या गोळ्या वेचत होते, एक शब्द बोलले नाहीत. ते अकराही खण आम्ही पदरचे पैसे घालून नव्याने केले.

तेव्हापासून सांगाडा उभा राहिल्याशिवाय आणि लॅमिनेट चिकटून वाळल्याशिवाय खणाची एकही फळी कापत नाही. दोन्ही कर्ण मोजून सांगाडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते बघायचं, मग गाळ्याचं माप पुढे, मध्ये आणि मागे असं तीनदा घ्यायचं. मधल्या उभ्या फळीला बऱ्याचदा पोट आलेलं असतं. तिन्ही मापांत मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर आधी सांगाडा दुरुस्त करतो. फरक त्याहून कमी असेल तर सगळ्यात लहान माप धरायचं, कारण खण किंचित अरुंद झाला तर पॅकिंगची पट्टी देता येते, रुंद झाला की पुन्हा उघडावा लागतो.

खोलीच्या मापात नवीन मुलं हमखास चुकतात. चॅनल 50 मिमीच्या टप्प्याने मिळतात. आत 515 मिमी खोली दिसली की हात आपोआप 500 च्या चॅनलकडे जातो. पण दर्शनी फळी आत बसणारी असेल तर तिचे 18 मिमी जातात, उरतात 497, म्हणजे 450 चाच चॅनल.

पुढे खणाच्या तळाखाली बसणारे अंडरमाउंट चॅनल आले आणि हिशोबच बदलला, कारण तिथे खणाचं आतलं माप धरावं लागतं. प्रत्येक कंपनीची वजावट वेगळी, म्हणून तक्ता हातात आल्याशिवाय आम्ही करवत लावत नाही.

निवड करताना मी ग्राहकांना एकच विचारतो, खणात काय ठेवणार? चॅनलवर लिहिलेलं वजन जोडीचं असतं आणि खुद्द खणाचं वजनही त्यातच धरायचं. जड भांड्यांना जास्त वजन पेलणारा, पूर्ण बाहेर येणारा चॅनल हवाच, नाहीतर मागचं पातेलं काढायला हात कोपरापर्यंत आत घालावा लागतो.

आता आम्ही सात जण आहोत. प्रत्येक खणाच्या तळाला पेन्सिलने तिन्ही मापं आणि चॅनलची लांबी लिहिलेली असते. पुढे कधी चॅनल बदलायची वेळ आली, तर खण उलटा करायचा आणि वाचायचं.